दोन बोटांचा ब्रेक आणि ब्लेझ पास्कल

फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरात पास्कलचा नियम दोन मार्कांना येतो. बंद भांड्यातल्या द्रवावर एका ठिकाणी दाब दिला तर तो सगळीकडे सारखाच पोहोचतो, असं एक वाक्य लिहायचं, एक आकृती काढायची आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचं. हा पास्कल कोण होता, कसा जगला, किती वर्षं जगला हे सिलॅबसमध्ये नाही. त्यामुळे ते कोणी वाचतही नाही.

पण जरा हॉस्टेलच्या सायकल स्टँडवर चक्कर मारा. अलीकडे आलेल्या काही सायकलींच्या चाकात हबला लागून एक पातळ, भोकं भोकं असलेली स्टीलची चकती दिसेल. हँडलपासून तिथपर्यंत एक काळी नळी गेलेली असते. त्या नळीत वायर नसते, तेल असतं. हा हायड्रॉलिक डिस्क ब्रेक. घाटाच्या उतारावर सायकल आणि सायकलस्वार मिळून ऐंशी-नव्वद किलोचा ऐवज सुसाट सुटलेला असतो आणि लिव्हरवर असतात फक्त दोन बोटं. तरी सायकल थांबते. त्या क्षणी आपला जीव त्या दोन मार्कांच्या वाक्यावर टांगलेला असतो!

म्हणून या अंकासाठी ब्लेझ पास्कलची गोष्ट लिहायला घेतली. ती नुसती हुशार मुलाची गोष्ट नाही. डोक्यातली कल्पना हातात येईपर्यंत किती घाम गाळावा लागतो, याची ती गोष्ट आहे. आणि हे आपल्यासारख्या इंजिनिअरिंगवाल्यांना कोणीतरी सांगायलाच हवं.

कोळशाने काढलेले त्रिकोण

पास्कलचा जन्म १९ जून १६२३ रोजी फ्रान्समधल्या क्लेरमाँ या गावी झाला. म्हणजे शिवाजी महाराजांपेक्षा तो जवळजवळ सात वर्षांनी मोठा. वडील एतिएन पास्कल करविषयक कोर्टात मोठ्या हुद्द्यावर होते आणि त्यांना स्वतःला गणिताची चांगली जाण होती. ब्लेझ तीन वर्षांचा असताना आई वारली. मागे राहिली तीन मुलं. मोठी बहीण जिल्बेर्त, मधला ब्लेझ आणि धाकटी जॅकलिन. वडिलांनी दुसरं लग्न केलं नाही. १६३१ मध्ये ते मुलांना घेऊन पॅरिसला आले आणि मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवायला लागले.

त्यांची शिकवण्याची पद्धत आपल्या क्लासवाल्यांच्या अगदी उलट होती. आधी भाषा, गणित पंधराव्या वर्षानंतर, असा त्यांचा नियम. एकदा गणिताची गोडी लागली की बाकी सगळं सुटेल, ही भीती. म्हणून घरातली गणिताची पुस्तकं बंद करून ठेवलेली. आता पोराला एखादी गोष्ट करू नको म्हटलं की काय होतं, ते आपल्याला माहीत आहेच. बारा वर्षांचा ब्लेझ फरशीवर कोळशाने आकृत्या काढत बसायचा. रेषेला आणि वर्तुळाला काय म्हणतात हेसुद्धा त्याला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून त्याने स्वतःच त्यांना दांडी आणि गोल अशी नावं ठेवली होती. वडील खोलीत आले तेव्हा तो त्रिकोणाचे तिन्ही कोन मिळून दोन काटकोन होतात, हे शोधण्याच्या नादात होता. ही हकीकत जिल्बेर्तने लिहिलेल्या भावाच्या चरित्रात आहे. त्यानंतर वडिलांनी हट्ट सोडला आणि युक्लिडचं पुस्तक मुलाच्या हातात दिलं.

पॅरिसमध्ये मर्सेन नावाच्या धर्मगुरूकडे गणित आणि विज्ञानातल्या लोकांची बैठक भरायची. वडिलांबरोबर ब्लेझही तिथे जायला लागला. सोळाव्या वर्षी त्याने शांकवांवर एक प्रमेय मांडलं, जे आजही त्याच्या नावाने ओळखलं जातं. देकार्तसारख्या माणसाला हे एवढ्याशा मुलाचं काम आहे, हे पटेना.

बाबांसाठी मशीन

१६३८ मध्ये घरावर संकट आलं. सरकारने रोख्यांचं व्याज थकवलं म्हणून तक्रार करणाऱ्या लोकांत एतिएन होते. फ्रान्सचा कारभार तेव्हा रिशेल्यूच्या हातात होता. तो चिडला आणि एतिएनना पॅरिस सोडून पळावं लागलं. पुढच्या वर्षी तेरा वर्षांच्या जॅकलिनने रिशेल्यूसमोर एका नाटकात काम केलं आणि नाटक संपल्यावर वडिलांसाठी माफी मागितली. माफी तर मिळालीच, वर रूआँ शहरात कर ठरवण्याची मोठी नोकरीही मिळाली.

पण ती नोकरी म्हणजे बेरजांचा डोंगर. एतिएन रात्र रात्र हिशोब करत बसायचे. फ्रान्सचं नाणं तेव्हा दशमान नव्हतं. एका लिव्रचे २० सोल आणि एका सोलचे १२ दनिए. एका रुपयाचे १६ आणे आणि एका आण्याच्या १२ पै हा हिशोब किती डोकं खायचा, ते घरी आजोबांना विचारा म्हणजे कल्पना येईल. वडिलांचे हाल बघून १६४२ मध्ये ब्लेझने बेरीज करणारं मशीन बनवायला घेतलं. तेव्हा तो होता एकोणीस वर्षांचा, आपल्या एस.ई.च्या मुलाएवढा.

या मशीनमधली खरी अडचण होती हातच्याची. ९९९९ मध्ये १ मिळवला तर सगळी चाकं फिरायला हवीत. एका बोटाच्या जोराने ती एकदम फिरणार कशी? पास्कलने प्रत्येक चाकाला एक छोटं वजन जोडलं. चाक पुढे सरकत जाईल तसं ते वजन थोडं थोडं वर उचललं जायचं आणि नऊच्या पुढे गेलं की खाली पडून शेजारच्या चाकाला एक घर ढकलायचं. म्हणजे प्रत्येक चाक स्वतःच्या वजनावर पुढच्याला हलवणार, बोटावर ताण नाही.

कागदावर हे सुंदर दिसतं. पण तेव्हा मिलिंग मशीन नव्हतं आणि ड्रॉइंगवर टॉलरन्स लिहायची पद्धतही नव्हती. कारागिरांना नकाशा समजेना आणि पास्कलला कानस चालवता येईना. त्याने पन्नासच्या आसपास मॉडेल्स करून घेतली. कधी लाकडाचं, कधी हस्तिदंताचं, कधी तांब्याचं. मध्येच रूआँच्या एका घड्याळजीने ऐकीव माहितीवर त्याची नक्कल बनवली. बाहेरून चकाचक पॉलिश, आत चाकं अडायची. ते बघून पास्कल इतका खचला की सगळं सोडून द्यायच्या बेतात होता. पण सोडलं नाही. १६४५ मध्ये मशीन पूर्ण झालं आणि १६४९ मध्ये राजाकडून ते बनवण्याचा खास हक्कही मिळाला. विक्री मात्र मोजकीच झाली, कारण किंमत फार होती. धंदा म्हणून बघाल तर फेल. पण विशीच्या आतबाहेर पास्कलला एक धडा पक्का मिळाला. बरोबर कल्पना आणि चालणारं मशीन, यांच्यामध्ये कारागिराचा हात उभा असतो.

नळीतली रिकामी जागा

१६४४ च्या सुमारास इटलीत टोरिचेल्लीने पाऱ्याचा प्रयोग केला होता. एका टोकाला बंद असलेली काचेची नळी पाऱ्याने भरून पाऱ्याच्या भांड्यात उलटी उभी केली, की पारा साधारण ७६ सेंटीमीटरवर थांबतो आणि वर रिकामी जागा राहते. आज हा आठवी-नववीचा प्रयोग वाटतो. पण त्या काळी निसर्गात पोकळी असूच शकत नाही, ही दोन हजार वर्षांची समजूत होती. मग ती वरची जागा खरंच रिकामी आहे का, आणि पाऱ्याला धरून ठेवतं तरी कोण?

१६४६ मध्ये पास्कलने रूआँमध्ये हा प्रयोग करून बघितला आणि मग त्याला चैन पडेना. रूआँचे काच कारागीर चांगले होते. त्यांच्याकडून त्याने ४६ फुटी नळ्या बनवून घेतल्या, त्या जहाजाच्या डोलकाठीला बांधल्या, आणि एकीत पाणी, दुसरीत लाल वाइन भरली. विरोधकांचं म्हणणं होतं की वरच्या जागेत द्रवाची वाफ भरते आणि ती पातळी खाली ढकलते. वाइनची वाफ जास्त, तेव्हा वाइन पाण्यापेक्षा खाली राहायला हवी. पास्कलने लोकांकडून हे आधी वदवून घेतलं आणि मग नळ्या उभ्या केल्या. वाइन पाण्यापेक्षा किंचित वर राहिली, कारण ती हलकी असते. विषय संपला!

पुढचा प्रश्न अजून मोठा होता. पाऱ्याला बाहेरच्या हवेचं वजन धरून ठेवत असेल, तर उंच डोंगरावर हवा कमी, म्हणजे पारा खाली यायला हवा. पास्कल तेव्हा पॅरिसमध्ये होता आणि आजारी होता. त्याने क्लेरमाँला जिल्बेर्तचा नवरा फ्लोरँ पेरिए याला पत्र पाठवलं. गावाजवळ पुई द दोम हा १४६५ मीटरचा डोंगर आहे, आपल्या कळसूबाईपेक्षा थोडा बुटका. १९ सप्टेंबर १६४८ रोजी दाजी गावातली मंडळी घेऊन निघाले. आधी खालच्या मठाच्या बागेत दोन नळ्यांमधली पातळी सारखीच आहे हे तपासलं. एक नळी तिथेच ठेवली आणि ती बदलते का हे दिवसभर बघायला एका साधूला बसवलं. दुसरी वर नेली. माथ्यावर देवळात, उघड्यावर, वाऱ्यात, धुक्यात असं पाच वेळा मोजलं. पारा साधारण ८५ मिलिमीटर खाली आला होता. मठातली नळी दिवसभर जागची हलली नव्हती.

आपण प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये रीडिंग कशी भरतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या पार्श्वभूमीवर खालच्या नळीजवळ दिवसभर बसलेला तो साधू मला फार मोठा वाटतो. ती नळी नसती तर हवामान बदललं असेल, असं म्हणून कोणीही हा प्रयोग उडवून लावला असता.

शंभर माणसांचं काम एक माणूस

हवेचं वजन कळल्यावर पास्कल द्रवांकडे वळला. १६५४ पर्यंत त्याने द्रवांच्या समतोलावर एक छोटा ग्रंथ लिहून काढला. द्रवाच्या दाबावर त्याच्या आधी स्टेव्हिनसारख्या लोकांनी काम केलं होतं, पण पास्कलने त्यातून यंत्र दाखवलं. पाण्याने भरलेलं बंद भांडं घ्या, त्याला दोन तोंडं ठेवा. एक तोंड दुसऱ्याच्या शंभरपट मोठं. दोन्हीत घट्ट बसणारे दट्टे घाला. आता लहान दट्ट्यावर एक माणूस जोर लावेल, तर मोठ्या दट्ट्यावर शंभर माणसांचा जोर तो तोलून धरेल. लगेच पुढे त्याने हेही लिहिलं की हे फुकट मिळत नाही. लहान दट्टा शंभर बोटं सरकेल तेव्हा मोठा एक बोटभरच हलेल. ऊर्जेचा नियम तेव्हा कोणी मांडलेला नव्हता, तरी त्याचा हिशोब चोख होता.

आता हेच सायकलच्या ब्रेकला लावून बघू. समजा लिव्हरवर बोटांनी ५० न्यूटन जोर दिला. लिव्हर हा तरफेचा दांडा आहे, तो हा जोर पाचपट करतो असं धरू. म्हणजे आतल्या मास्टर पिस्टनवर २५० न्यूटन. तो पिस्टन १० मिलिमीटर व्यासाचा असेल तर तेलातला दाब होतो सुमारे ३२ लाख पास्कल. हाच दाब नळीतून खाली कॅलिपरमध्ये जातो. तिथला प्रत्येक पिस्टन २२ मिलिमीटरचा धरला, तर त्याच्यावर साधारण १२१० न्यूटन जोर येतो. म्हणजे चकतीच्या दोन्ही बाजूंनी प्रत्येक पॅड सव्वाशे किलोच्या आसपास भार टाकून चिमटा घेतो. आणि किंमत? मास्टर पिस्टन १० मिलिमीटर आत गेला तर प्रत्येक पॅड जेमतेम १ मिलिमीटर सरकतो. म्हणून पॅड आणि चकती यांच्यामधली फट इतकी बारीक असते.

केबलच्या ब्रेकमध्ये वायर घासते, ताणते, गंजते, वळणावर अडते. तेलाला वळणाची पर्वा नाही. नळी कशीही वाकवा, दाब तोच पोहोचतो. पावसाळ्यात चिखलाने रिम माखली की रबराचे ब्रेक घसरतात. चकती मात्र वर हबपाशी असते, त्यामुळे चिखलापासून लांब राहते.

सील अडलं, काम अडलं

इतकं सगळं पास्कलने लिहून ठेवलं, मग हायड्रॉलिक यंत्रं लगेच का आली नाहीत? कारण त्या घट्ट बसणाऱ्या दट्ट्यात सगळी मेख आहे. दट्टा सैल केला तर पाणी गळतं, घट्ट केला तर हलतच नाही. जोसेफ ब्रामाने इंग्लंडमध्ये हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं ते १७९५ मध्ये. तिथेही गळतीनेच दमवलं. मग त्याच्याकडे काम करणाऱ्या हेन्री मॉड्स्लेने चामड्याची वाटीसारखी सील लावली, असं मानतात. पाण्याचा दाब वाढेल तशी वाटीची कड आपोआप भिंतीला दाबून बसते. जो दाब गळवत होता, त्यालाच राखणदार केलं. ग्रंथ लिहिल्यापासून इथवर यायला जवळजवळ १४० वर्षं गेली!

डिस्क ब्रेकचं पेटंट इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ मध्ये घेतलं, पण त्यात तेल नव्हतं. चारी चाकांना तेलाचे ब्रेक असलेली गाडी ड्यूसेनबर्ग कंपनीने १९२१ मध्ये विकायला काढली. तो ब्रेक होता माल्कम लॉकहीडचा. १९५३ मध्ये ल माँच्या शर्यतीत डिस्क ब्रेकच्या जॅग्वार गाड्या जिंकल्या आणि मग सगळ्यांना जाग आली. माउंटन बाइकवर हे ब्रेक १९९० च्या दशकात रुळले.

सायकलच्या कॅलिपरमधली सील तर बघण्यासारखी आहे. पिस्टनभोवती चौकोनी काटाची एक रबरी रिंग असते. ब्रेक दाबला की पिस्टन पुढे जातो आणि रिंग त्याच्याबरोबर जराशी पिळली जाते. लिव्हर सोडली की रिंग परत सरळ होते आणि पिस्टनला मागे ओढते. स्प्रिंगचं काम रबर करतं. पॅड झिजला की पिस्टन त्या रिंगमधून थोडा पुढे घसरून नव्या जागी बसतो, म्हणजे ॲडजस्टमेंटही आपोआप. दोन-तीन रुपयांची वाटणारी वस्तू, पण पास्कलला तीच हवी होती.

ब्रेक घेताना, बसवताना

आमच्या विंगमधल्या एका मित्राने मागच्या सुट्टीत आपल्या जुन्या सायकलला हा ब्रेक बसवला. व्हरांड्यात वर्तमानपत्र पसरून दोन संध्याकाळी हा उद्योग चालला होता आणि अर्धी विंग सल्ले द्यायला हजर. त्यातून जे शिकायला मिळालं ते इथे देतो, कोणाला तरी उपयोग होईल.

ब्रेक घेण्याआधी फ्रेम बघा. मागे फ्रेमवर आणि पुढे फोर्कवर कॅलिपर बसवायची जागा हवी. ती पोस्ट माउंट, फ्लॅट माउंट किंवा जुनी आय.एस. यांपैकी कोणती आहे, त्यावर कॅलिपर आणि ॲडॉप्टर ठरतो. जागाच नसेल तर नाद सोडा. वेल्डिंग करून जागा तयार करू नका, डिस्कचा सगळा झटका त्या दोन बोल्टवर येतो. मग हब बघा. रोटर सहा बोल्टचा की सेंटर लॉक, हे हबवर अवलंबून. रोटर साधारण १६०, १८० आणि २०३ मिलिमीटरचे मिळतात. मोठा रोटर म्हणजे जास्त टॉर्क, पण फ्रेमला आणि फोर्कला तो चालतो का, हे आधी बघायला हवं. आपल्याकडे पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, तर बऱ्याच देशांत डाव्या. बाहेरून मागवलेला सेट उलटा निघाला की नळ्यांची लांबी चुकते.

सगळ्यात महत्त्वाचं तेल. शिमानोच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल लागतं, तर स्रॅमच्या अनेक मॉडेल्समध्ये डॉट फ्लुइड, जे मोटारसायकलमध्ये घालतात. एकाच्या जागी दुसरं घातलं तर सील फुगतात किंवा खराब होतात. म्हणजे परत मॉड्स्लेच्या आधीच्या काळात!

बसवताना रोटरच्या कडेला बोट लावायचं नाही, हाताचं तेल पॅडला लागलं की पकड गेली. सहा बोल्ट ओळीने न आवळता समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे. कॅलिपरचे बोल्ट सैल ठेवून लिव्हर दाबून धरायची, म्हणजे कॅलिपर चकतीवर मध्यभागी येतो, आणि मग आवळायचे. चाक बाहेर काढलेलं असताना लिव्हर दाबायची नाही, पिस्टन एकमेकांकडे येऊन अडकतात.

त्या मित्राची नळी लांब होती म्हणून त्याने ती कापली, आणि तिथून हवा आत शिरली. लिव्हर दाबली की सरळ हँडलला टेकायची. एवढीशी हवा काय करते? आपल्या वरच्या हिशोबात मास्टर पिस्टन पूर्ण ढकलला तर जेमतेम पाऊण मिलिलिटर तेल सरकतं. आत अर्धा मिलिलिटर हवा असेल, म्हणजे दहाएक थेंब, तर तीस-बत्तीसपट दाबाखाली ती जवळपास नाहीशी होते आणि लिव्हरची बहुतेक चाल खाऊन टाकते. पॅडपर्यंत काही पोहोचतच नाही. द्रव दबत नाही, हवा दबते. अर्धवट फुगवलेला फुगा डोंगरावर नेला तर तो फुगत जातो, हे पास्कलनेच लिहून ठेवलं आहे. हवेचा दाब आणि आकारमान यांचा नियम बॉइलने छापला १६६२ मध्ये, पास्कल गेला त्याच वर्षी.

यावर उपाय म्हणजे ब्लीडिंग. लिव्हरला फनेल लावायचं, कॅलिपरला सिरिंज, आणि खालून तेल हळूहळू वर ढकलायचं, म्हणजे बुडबुडे वर येतात. मध्ये मध्ये नळीला टिचक्या मारायच्या. दुसऱ्या संध्याकाळी शेवटचा बुडबुडा आला आणि लिव्हर दगडासारखी कडक लागली, तेव्हा व्हरांड्यात टाळ्या पडल्या. नियम तर आदल्या दिवशीही खरा होता. पण त्या दिवशी तो कामाला लागला.

शेवटची आठ वर्षं

पास्कलची तब्येत तरुणपणापासून ढासळलेली होती. डोकेदुखी आणि पोटदुखी कायमची. १६५१ मध्ये वडील वारले आणि पुढच्या वर्षी लाडकी जॅकलिन पोर-रॉयालच्या मठात निघून गेली. १६५४ मध्ये फर्माशी पत्रं लिहिता लिहिता त्याने जुगारातल्या डावाच्या वाटणीचा प्रश्न सोडवला, आणि त्यातून संभाव्यतेचं गणित उभं राहिलं. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरच्या रात्री त्याला एक खोल धार्मिक अनुभव आला. तो त्याने लिहून कोटाच्या अस्तरात शिवून ठेवला. मेल्यावर तो नोकराला सापडला. त्यानंतर तो बराचसा धर्माकडेच वळला. त्या काळातल्या धार्मिक वादात टोपणनावाने लिहिलेली त्याची अठरा पत्रं फ्रेंच गद्यात मोठी मानली जातात.

तरी गणित सुटलं नाही. १६५८ मध्ये दातदुखीने झोप येईना, तेव्हा मन रमवायला त्याने सायक्लॉइडचा विचार सुरू केला. चालत्या सायकलच्या टायरवर खडूचा ठिपका काढला तर तो हवेत जी कमान काढतो, ती ही सायक्लॉइड. सायकल यायला तेव्हा दीडशेहून जास्त वर्षं बाकी होती!

शेवटचं काम तर आपल्या एस.टी.चं पणजोबा शोभेल. ठरलेला रस्ता, ठरलेली वेळ आणि पाच सोल भाडं, अशा घोडागाड्या त्याने मित्रांबरोबर पॅरिसमध्ये काढल्या. १८ मार्च १६६२ ला पहिली गाडी सुटली. त्यातल्या आपल्या वाट्यातून ब्लुआ भागातल्या उपाशी लोकांना मदत पाठवायची त्याची धडपड होती. पण पॅरिसच्या न्यायमंडळाने मजूर आणि नोकर यांना त्या गाड्यांत चढायला बंदी केली आणि पुढे ती सेवा बंद पडली.

जॅकलिन १६६१ मध्ये गेली होती. पास्कलने आपल्या घरात एका गरीब कुटुंबाला ठेवून घेतलं होतं. त्यांच्या मुलाला देवी आल्या. त्या लोकांना बाहेर काढण्याऐवजी हा आजारी माणूस स्वतःच घर सोडून जिल्बेर्तकडे राहायला गेला. तिथेच १९ ऑगस्ट १६६२ रोजी तो वारला. वय फक्त ३९.

द्रवांवरचा तो ग्रंथ छापून आला १६६३ मध्ये, म्हणजे त्याने तो छापील पाहिलाच नाही. छापला कोणी? तर डोंगर चढलेल्या त्याच पेरिएने. १९७१ मध्ये दाबाच्या एककाला पास्कल हे नाव दिलं गेलं. चक्रीवादळाच्या बातमीत हेक्टोपास्कल ऐकू येतो, तो हाच.

पास्कलकडे पिस्टनला लावायला रबर नव्हतं, हातात कानस नव्हती, अंगात ताकदही नव्हती. पण जे म्हणायचं ते करून बघायचं आणि खाली एक नळी तपासायला ठेवायची, ही सवय त्याच्याकडे होती. आपल्याकडे रबर आहे, तेल आहे, टॉर्क रेंच आहे. राहिली फक्त सवय. तेव्हा मित्रांनो, ब्रेक नवा असो वा जुना, घाट उतरण्याआधी सपाट रस्त्यावर वीसेक वेळा वेग घेऊन थांबून बघा, म्हणजे पॅड चकतीवर नीट बसतात. मग सायकल उभी करून लिव्हर घट्ट दाबा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट तशीच धरा. ती हळूहळू आत जायला लागली, तर कुठेतरी गळतंय. त्या दिवशी घाट नाही.

– टी.ई. (मेकॅनिकल)